म्हापशाच्या बाजारातल्या माळा

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आम्ही तांबड्या सॉसेजच्या माळा टांगलेल्या पाहिल्या. तिकडे त्यांना 'चोरिस' म्हणतात. डुकराचे मांस मीठ, मिरची, मसाला आणि व्हिनेगरमध्ये मुरवून आतड्यात भरतात व सुकवतात. पावसाळ्यात मासळी कमी झाली की पावाबरोबर हेच कामी येते.

आमच्या आजीही मांसाच्या लांब पट्ट्या कापून, उन्हात वाळवून चान्या करीत. बेगमी तीच, हुन्नरही तोच. पण चोरिस पर्यटक कौतुकाने विकत घेतात. चान्या मात्र शेजाऱ्यांच्या नजरेआड ठेवाव्या लागत. लाज कशाची बाळगायची?

एवढे मात्र ध्यानात असू द्या: खारवलेले, धुरावलेले मांस कर्करोगाला कारण ठरते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली जाहीर केले. तेव्हा चव घ्यावी, पण रोज नको.