वहिनी, तिला दुखणं अंगावर काढायला लावू नका

प्रिय वहिनींस,


पाळी आली की तुमची पोर दोन दिवस कॉलेज बुडवते, उलट्या करते, आणि आमची आई म्हणते, 'लग्न झालं की थांबेल.' बाळंतपणानंतर काही जणींचं दुखणं कमी होतं, हे खरं. पण म्हणून सतरा वर्षांच्या मुलीने तोवर सोसायचं का? आईने स्वतः ओवा चावून, पोटाशी पाय घेऊन दिवस काढले. तिला कुणी दुसरं काही सांगितलंच नाही.

पोरीचं ते नाटक नाही, वहिनी. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. त्यांनी गर्भाशय इतकं आवळतं की त्याच्या स्नायूला रक्त पुरत नाही. कळा येतात त्या यामुळे. मळमळ आणि जुलाबही त्याच द्रव्यांमुळे. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड या गोळ्या ती द्रव्यं तयार होणंच रोखतात. त्यामुळे असह्य होईपर्यंत थांबून मग गोळी देण्यात अर्थ नाही. पहिली कळ आली की द्यायची, जेवणानंतर, आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळा पाळून दोन-तीन दिवस. तिला दमा, अल्सर किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय देऊ नका. मेफेनॅमिक अ‍ॅसिडबद्दल २०२३ मध्ये भारतीय औषधसंहिता आयोगाने सावधही केलं आहे: अंगावर पुरळ, ताप, सूज दिसली तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठायचा. गरम पाण्याची पिशवी मात्र खुशाल द्या. शेकाने खरंच आराम पडतो.

दोन-तीन पाळ्यांत एवढ्याने उतार पडला नाही, पाळीच्या आधी कितीतरी दिवस दुखू लागलं, शौचाला जाताना कळ आली, तर एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढण्याच्या आजाराची, शंका घ्यायला हवी. त्यात सोनोग्राफी साफ येऊ शकते, तेवढ्यावर घरी परतू नका. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर 'पुढे मूल होणार नाही' म्हणून आई अडवेल. तसं होत नाही. गोळ्या थांबवल्या की पाळी परत येते, दिवसही राहू शकतात.

मी एवढ्या तळमळीने लिहिते, कारण मी बीडमध्ये नर्स आहे. सरकारी समितीने २०१९ मध्ये इथल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी केली. १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. दुखणं, अंगावरून जाणं या तक्रारी घेऊन त्या गेल्या होत्या. एक दिवस बुडाला की खाडा म्हणून पैसे कापले जातात, मग उपचाराला वेळ कुठला? त्यांना 'पिशवी काढली की कटकट मिटेल' असं सांगणारे भेटले. आपल्या पोरीचा खाडा कुणी मांडत नाही, वहिनी. तिला वेळ आहे.

पाळीच्या तारखा, दुखणं किती दिवस राहतं, गोळी कधी घेतली, हे तिला वहीत लिहायला सांगा. पुढच्या पाळीनंतर तिला इकडे घेऊन या, आपण स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवू. दादालाही आणा, डॉक्टर काय सांगतात ते त्यालाही ऐकू दे.

तुमची,
माई