कन्नडचा आहे, पण कन्नडिग नाही

माझ्या गावाचं नाव कन्नड. तालुकाही कन्नड. जिल्हा आधी औरंगाबाद होता, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. शहरातून दौलताबाद, वेरूळ करत साधारण साठ किलोमीटर आलात की आमचं गाव, आणि पुढे औट्रम घाट उतरलात की चाळीसगाव. तिकडे कुणालाच या नावात काही विशेष वाटत नाही. पण पोटापाण्यासाठी बंगळूरला आलो आणि गंमत सुरू झाली.

"नेटिव्ह प्लेस?"

"कन्नड."

"अरे वा! मग कन्नड बरुत्ता?"

"नाही हो, मराठी."

समोरचा माणूस दोन सेकंद हँग होतो. मग मी नकाशा उघडून दाखवतो. हे इतक्यांदा झालंय की मला एकाच नावाच्या गावांचा छंदच लागला. कुणी ट्रेकला जातं, कुणी फोटो काढत हिंडतं, मी नावं गोळा करतो. जमेल तेव्हा तिथे जाऊनही येतो.

सुरुवात घराजवळूनच केली. आमच्या तालुक्यात चापानेर आहे. गुजरातेत चांपानेर आहे, पावागडाच्या पायथ्याशी. एक अनुस्वार काय तो जास्त, पण त्या चांपानेरला २००४ साली युनेस्कोचा जागतिक वारसा मिळाला आणि आमच्या चापानेरला एसटीचा थांबा! मग पाटण. एक साताऱ्याचं, कोयनेच्या काठचं. दुसरं गुजरातेतलं, राणी की वाव असलेलं, शंभराच्या जांभळ्या नोटेवर जिचं चित्र आहे ती. आणि तिसरं आमच्या घाटाखालचं, पाटणादेवीचं, जिथे भास्कराचार्यांच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख आहे. तिन्ही पाहून झाली. एकमेकांशी काडीचं साम्य नाही.

मग नाव सारखं का? कारण सरळ आहे. पाटण म्हणजे पट्टण, म्हणजे शहर. खेड म्हणजे खेडं. नाव ठेवणाऱ्यानं आपल्या पंचक्रोशीपुरतं नाव ठेवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबलचा स्कोप लोकल होता. शेजारीच दुसरं तसंच गाव निघालं तर एक बुद्रुक, दुसरं खुर्द. थोडं लांब असेल तर कारंजा लाड आणि कारंजा घाडगे, शिरूर कासार आणि शिरूर अनंतपाळ. नेमस्पेस आपल्या लोकांनी केव्हाच शोधून काढली होती!

घोळ झाला तो पत्रं देशभर फिरायला लागल्यावर. एकाच नावाची गावं आणि पत्ते डझनभर लिप्यांत. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड आला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकरांचं, आणि हे गृहस्थ संस्कृत कवीसुद्धा होते. कवीनंच नावांवर भरवसा ठेवू नका म्हणावं, यात मला फार मजा वाटते. आमचा आकडा ४३११०३. त्यात गोंधळ नाही. (विमान कंपन्यांना मात्र वेलणकर भेटले नाहीत. २००२ साली एक इंग्रज जोडी ऑस्ट्रेलियाच्या सिडनीला निघाली आणि कॅनडातल्या सिडनीला उतरली.)

हे सगळं मजेमजेत चाललं होतं. मग एके दिवशी माझ्या लेकीनं विचारलं. तिचा जन्म बंगळूरचा, शाळेत फाडफाड कन्नड बोलते, घरी मराठी. "बाबा, आपण कन्नडचे, मग आपण कन्नड का नाही?" त्या आठवड्यात शहरात पाट्यांच्या भाषेवरून वातावरण तापलं होतं. बसमध्ये कुणी वाकड्यात शिरलं तर ही काय उत्तर देईल, हा विचार डोक्यातून जाईना.

मी वाचायला बसलो. कन्नड भाषेतला सर्वांत जुना उपलब्ध ग्रंथ 'कविराजमार्ग', साधारण इ. स. ८५० चा, राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष नृपतुंगाच्या दरबारातला. त्यात कन्नड भाषेचा प्रदेश कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय. गोदावरी वाहते आमच्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून! आणि वेरूळचं कैलास लेणं, जे आम्ही शाळेच्या सहलीत 'आपलं' म्हणून पाहिलं, ते याच राष्ट्रकूटांचं, आठव्या शतकातलं. बंगळूरच्या नृपतुंग रोडवरून मी कितीदा गेलोय, पण हा राजा आमच्या वाटेवरचा निघेल असं वाटलं नव्हतं.

यावरून गावाचं नाव भाषेवरून पडलं, असा दावा मी करत नाही. सारखी नावं बऱ्याचदा निव्वळ योगायोग असतात, हे तीन पाटणं पाहून आलेल्याला सांगायला नको. पण एका सुट्टीत लेकीला कलबुर्गी जिल्ह्यातल्या मळखेडला नेलं, राष्ट्रकूटांच्या राजधानीत. कागिणा नदीकाठी पडका किल्ला आहे. तिथली कन्नड पाटी तिनं मला वाचून दाखवली आणि वेरूळच्या गोष्टी मी तिला मराठीत सांगितल्या.

आता कुणी गाव विचारलं की ती स्वतःच सांगते: "गाव कन्नड, भाषा मराठी, कन्नडही येतं." समोरचा अजूनही दोन सेकंद हँग होतो. पण मग हसतो.