लिहिलेला डाव

पेणला आमच्या आळीत बुद्धिबळाचा पट मांडला जायचा तो गणपतीच्या कारखान्यात. मूर्ती वाळत ठेवल्या की कारागिरांना थोडी सवड मिळायची, आणि आजोबा तिथे हजर असायचेच. त्यांची पद्धत देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालणार, किल्लेकोट नाही. पण शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याची उडी मारायची मुभा. पंजाबचा मीर सुलतान खान असाच देशी नियमांवर वाढला आणि 1929 साली ब्रिटिश विजेता झाला. आजोबांना हे ठाऊक असतं तर आळीत राहणं कठीण झालं असतं.

त्यांचा एकही डाव आज शिल्लक नाही. कोण जिंकलं यावरची भांडणं तेवढी आहेत.

पुढे धाटावच्या एमआयडीसीत नोकरी लागली. रोह्याच्या गाडीत मोबाइलवर पाच-पाच मिनिटांचे डाव सुरू झाले. नागोठणं येईपर्यंत एक जिंकायचा, दोन हरायचे. रोह्याला उतरताना एकही आठवत नसे.

स्पर्धेतला डाव लिहावा लागतो. आपली चाल, समोरच्याची चाल, सगळं कागदावर. रोह्यातल्या एका लहानशा स्पर्धेत समोर रात्रपाळी करून आलेले एक गृहस्थ होते. दोघांकडे एकेक हत्ती, माझं एक प्यादं जास्त. मी मनात पेढे वाटून मोकळा! त्यांनी हत्ती आपल्या बाजूच्या तिसऱ्या ओळीवर आणला आणि तिथेच डावीउजवीकडे सरकवत राहिले. माझ्या राजाला पुढची वाट बंद. शेवटी मी प्यादं त्या ओळीत ढकललं, तसा तो हत्ती थेट माझ्या पहिल्या ओळीत उतरला आणि मागून शहावर शह. प्यादं पुढे गेलेलं, त्यामुळे राजाला आडोसाच नाही. हा बचाव अठराव्या शतकातल्या फिलिदोरचा. गडी मूळचा फ्रेंच संगीतकार.

"कुठे शिकलात?"

"पुस्तकात. रात्रपाळीला वेळ असतो की."

बरोबरी झाली. तो कागद माझ्याकडे आहे, त्यांच्याकडेही असेल. उस्तादांचे डाव जग छापतं. आपले आपणच लिहून ठेवायचे. तेव्हा मोबाइलवर खुशाल खेळा, पण वर्षातून एकदा तरी प्रवेश फी भरून स्पर्धेला बसा. आणि लिहायला पेन घरून न्या, आयोजकांचं ऐन वेळी उमटत नाही.