दगडातले लेख, ओठांवरची गाणी

जयंतीच्या अगोदरच्या रविवारी आम्ही भाकऱ्या बांधून मुलाबाळांसह बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांवर गेलो. तेथे शंभराहून अधिक लेणी आहेत. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांनी भिक्खू संघाला दिलेल्या दानाचे लेख दगडात कोरलेले आहेत. म्हणूनच त्या उपासकांची नावे इतक्या शतकांनंतरही कळतात.

संध्याकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात हार्मोनियम-ढोलकीवर भीमगीते ऐकली. याच वस्तीत ११ जुलै १९९७ रोजी बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेने संतापलेल्या जनतेवर राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. दहा जण शहीद झाले. मुलुंडचे लोकशाहीर विलास घोगरे यांना हे सहन झाले नाही. चारच दिवसांनी त्यांनी आपले जीवन संपवले.

आता या वस्तीचा पुनर्विकास सुरू झाला आहे. शेजार पांगेल, पण गाणे पांगता कामा नये. आमच्या आयाबायांना कितीतरी भीमगीते तोंडपाठ आहेत, पण वहीत फारशी नाहीत. बंधुभगिनींनो, दगडात कोरण्याची आपली ऐपत नसेल, वहीची तर आहे! येत्या रविवारी मुलांना आजीजवळ बसवा आणि एक तरी गाणे लिहून घ्या.

जयभीम!