पोच

आबांच्या डाव्या पायाला तीनच बोटं होती. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जिथं असायला हवं, तिथं कातडी गुळगुळीत होऊन आत वळली होती. वाईच्या गणपती घाटाच्या पायऱ्या उतरताना ते त्या पायाचा भार टाचेवर घ्यायचे. त्यामुळं त्यांच्या पावलांचा आवाज एक जड, एक हलका असा यायचा आणि मधल्या आळीत दिवे गेले असले तरी आम्हा पोरांना कळायचं, आबा आले.

ते आमच्या नात्यातले नव्हते. घर वाई तालुक्यातल्याच एका खेड्यात होतं, पण भाऊबंदकीत ते गेलं. लष्कराच्या मेडिकल कोअरमधून नर्सिंग असिस्टंट म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या वाड्याच्या मागच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मी तेव्हा चार वर्षांची होते. पुढं छत्तीस वर्षं मी परिचारिका म्हणून काम केलं. त्या कामाचं मूळ त्या दोन खोल्यांत आहे.

संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर माणसं यायची. कुणाच्या पायात खुरपं लागलेलं, कुणाचं गुऱ्हाळावर भाजलेलं, कुणाची साखरेच्या आजारानं न भरणारी जखम. आबा डॉक्टर नव्हते आणि डॉक्टर असल्यासारखे कधी वागले नाहीत. ताप असला, जखमेला वास येत असला की सरळ दवाखान्यात पाठवायचे. स्वतः फक्त ड्रेसिंग करायचे. स्टोव्हवर ॲल्युमिनियमच्या डब्यात चिमटे उकळत असायचे. साबण लावून कोपरापर्यंत हात धुणं चालायचं ते आमच्या आईचा एक अभंग म्हणून व्हायचा इतका वेळ. जखमेवर कुणी हळद दाबून आणली असली की आबा ती मिठाच्या पाण्यानं सावकाश काढायचे. "वाईची हळद सोन्यासारखी हाय, पण ती भाजीत," एवढंच म्हणायचे. रागवायचे नाहीत. चिकटलेली पट्टी ओढायची नाही, ओली करून ती आपण होऊन सुटेपर्यंत थांबायचं, हे मी आठव्या-नवव्या वर्षी किडनी ट्रे धरून उभी राहताना शिकले. नर्सिंगच्या पुस्तकात ते नंतर वाचलं.

शेवटी वही. रेघा मारलेली, जाड पुठ्ठ्याची. तारीख, नाव, काय पाहिलं, काय केलं, पुन्हा कधी यायचं. आलेल्या माणसाला ते वाचून दाखवायचे. त्याला अक्षर येत नसलं तरी वाचून दाखवायचे. "तुझ्या अंगाला हात लावलाय, तर काय केलं ते तुला कळाया पायजे."

समोरच्या वाड्यात अंथरुणाला खिळलेल्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. रात्री-अपरात्री त्या कुणालाही हाका मारायच्या. घरचे कंटाळून गप्प पडून राहायचे. आबा आपल्या खोलीतून मोठ्यानं म्हणायचे, "आलो!" मग उठायचे, सदरा चढवायचे, कंदील लावायचे, जायला दहा मिनिटं लागायची. मी एकदा विचारलं, "आबा, जायला वेळ लागतो तर आधी 'आलो' कशाला म्हणता?"

"पोरी, हाक मोकळी जाऊ द्यायची न्हाई. ऐकलंय एवढं तरी कळवायचं. त्याला पोच म्हणत्यात."

पोच हा त्यांचा शब्द होता. तो कुठून आला हे मला सोळाव्या वर्षी कळलं.

शाळेत १९६२ च्या युद्धावर निबंध लिहायचा होता. आबा त्या युद्धात होते, एवढं माहीत होतं. त्यांनी नेहमीच्या वहीऐवजी पेटीतली एक जुनी वही काढली आणि बोलायला लागले. सलग नाही. दोन वाक्यं, मग बराच वेळ काही नाही.

नेफामध्ये, म्हणजे आजच्या अरुणाचलात, २० ऑक्टोबरला चिनी हल्ला झाला. तिथं पुढं धाडलेल्या आपल्या अनेक शिपायांच्या अंगावर सुती गणवेश आणि पायात कॅनव्हासचे बूट होते, हे आता पुस्तकापुस्तकात छापलेलं आहे. आबांनी ते पायांवरून सांगितलं. मागच्या तळावर त्यांच्याकडं जे येत, त्यांचे आधी बूट कापून काढायचे. ओले मोजे कातडीला धरलेले असायचे. बोटं आधी पांढरी, मेणासारखी, मग निळी, मग काळी. जखमी पाय जळत असतो, ओरडायला लावतो, हे पाय काहीच सांगत नव्हते, म्हणून पोरं हसतसुद्धा होती, "भाईसाब, दर्द नहीं है." आबांना माहीत होतं, दुखत नाही हेच वाईट आहे. काहीजण ते पाय बर्फानं चोळत होते, शेकोटीवर धरत होते. "चोळू नका," असं ओरडत आबा एका तंबूतून दुसऱ्या तंबूत पळत राहिले. मॉर्फिन दिलेल्याच्या कपाळावर इंग्रजी एम आणि वेळ लिहायची, म्हणजे पुढचा माणूस चुकून दुसरी मात्रा देत नाही. कागद संपले तेव्हा त्यांनी बाकीचंही अंगावरच लिहिलं.

१७-१८ नोव्हेंबरला सेला खिंड सुटली, पाठोपाठ बोमदिला पडलं. आबा डोंगरातून पाच दिवस चालत उतरले. दोन बोटं त्या पाच दिवसांत गेली. खाली तेजपूर रिकामं होत होतं. बँकेतल्या नोटा जाळल्या गेल्या, मनोरुग्णालयातली माणसं मोकळी सोडून देण्यात आली. त्या माणसांबद्दल ते जेवढं बोलले तेवढं स्वतःच्या पायाबद्दल कधी बोलले नाहीत. "कुणीतरी त्यांच्याबरोबर राहायचं होतं," ते म्हणाले. "येडी माणसं. त्यांना काय ठावं, लढाई कुठनं येती."

मग त्यांनी वहीतलं १९६३ चं पान उघडलं. तीन रकाने होते: पत्राची तारीख, मजकूर, पोच. इस्पितळातून बाहेर आल्यावर त्यांनी एका सरकारी कार्यालयाला हातानं पत्र लिहिलं होतं. तक्रार नव्हती, पेन्शन मागितली नव्हती. आपल्या हाताखालून गेलेल्या पायांची मोजदाद त्यांनी कळवली होती आणि विचारलं होतं, की थंडीचे बूट कुणी, कधी मागवले आणि ते कुठं अडले. पुन्हा एकदा लिहिलं. पुन्हा एकदा. तीन तारखा होत्या. पोचेचा रकाना कोरा.

त्या दिवसांत आमच्या आजीनं राष्ट्रीय संरक्षण निधीला हातातली एक पाटली दिली होती. गावोगाव बायका सोनं देत होत्या. आजीनं त्या पाटलीची पावती देवघरात, ताम्हणाखाली जपून ठेवली होती. आबांनी ती एकदा हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "बाईंनी दिलं त्याची पावती हाय. पोरांना काय दिलं त्याची कुठं हाय?"

आबा यशवंतराव चव्हाणांना मानायचे. देवराष्ट्र्याचा, कऱ्हाडचा, आपल्या मातीतला माणूस. २१ नोव्हेंबर १९६२ ला, चीननं युद्धविराम जाहीर केला त्याच दिवशी, कृष्ण मेनन यांच्या जागी संरक्षणमंत्री झाला. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असायचं. लष्कर पुन्हा उभं करण्याचं श्रेय आबा त्यांना मोकळ्या मनानं द्यायचे. पण २ सप्टेंबर १९६३ ला यशवंतरावांनी लोकसभेत पराभवाच्या चौकशीवर जे निवेदन केलं, त्याचं कात्रण आबांच्या वहीत होतं आणि त्यातल्या काही ओळींखाली पेन्सिलीच्या रेघा होत्या. प्रशिक्षण, साधनसामग्री, जवानांची शारीरिक क्षमता, अधिकाऱ्यांची कुवत, सगळ्याचा उल्लेख होता. अहवाल मात्र सभागृहापुढं आला नाही. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी तो लिहिला होता. लष्करी मुख्यालयाच्या कारभारात शिरायचं नाही, अशी चौकशीची चौकट आधीच आखून दिलेली होती. एवढं आखूनही तो कपाटात गेला.

युद्ध चालू असताना सगळं बोलता येत नाही, हे मला समजतं. वॉर्डात मीही पेशंटसमोर सगळं बोलले नाही. पण ८ नोव्हेंबर १९६२ ला, युद्ध संपलेलं नसताना, संसद बसली होती आणि नेहरूंना तिथं कडक प्रश्न विचारले गेले होते. त्यानं देशाचं काही बिघडलं नाही. शिपायाच्या पायात कुठला बूट होता हे शत्रूनं त्याआधीच पाहिलं होतं. जे शत्रूला ठाऊक आहे ते त्या शिपायाच्या आईला सांगायचं नाही, यात कुणाचं रक्षण होतं? या प्रश्नाला मला अजून पटेल असं उत्तर मिळालेलं नाही. सरकारी आकडा सांगतो, १,३८३ मृत्युमुखी, १,६९६ बेपत्ता. या प्रत्येक घराला पोच देणं लागत होतं.

निबंधाच्या वेळी मी त्यांना विचारलं होतं, चिनी जखमी तुमच्यापुढं आला असता तर? सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये जखमींवर उपचार करायला चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथंच वारले, हे आम्हाला शाळेत सांगितलेलं. माझ्या डोक्यात त्याचा घोळ झाला होता. आबांनी वर बघितलंसुद्धा नाही. "त्याचाबी बूट कापला असता."

बारावीनंतर वडिलांच्या, अण्णांच्या मनात मी डी.एड. करावं असं होतं. मी नर्सिंगला जाते म्हटल्यावर घरात दोन दिवस चूल पेटली नसल्यासारखं होतं. "दुसऱ्याची घाण काढायला मुलगी पाठवायची?" हे अण्णा मोठ्यानं म्हणाले, मागच्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आबा सदरा घालून, टोपी चढवून, पुढच्या दारानं आले. भाडेकरू म्हणून ते नेहमी मागच्या दारानं यायचे.

"अण्णा, मी वीस वर्षं तीच काढली. तुमच्या घरचं पाणी पितो, तुम्ही कधी भांडं येगळं ठेवलं न्हाई."

अण्णा काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं आईला म्हणाले, चहा ठेव.

मिरजेला मिशनच्या नर्सिंग स्कूलमध्ये माझा नंबर लागला. १८९७ पासून तिथं परिचारिका घडत होत्या. फी, गणवेश, पुस्तकं मिळून सहाशे रुपये कमी पडत होते. ते आबांनी दिले आणि वहीत माझ्या नावावर लिहिले. "फुकट घेऊ नगं. फुकट घेतलं की विचारायचा हक्क जातो, तुझाबी आन माझाबी." नोकरी लागल्यावर महिन्याला वीस रुपये मी मनीऑर्डरनं पाठवले. तीस महिने. मनीऑर्डरची पोच परत यायची, घेणाऱ्याच्या सहीची. त्यांची सही ठसठशीत, मोडीच्या वळणाची. त्या तीस पोचपावत्या माझ्याकडं आहेत. तिसाव्या वेळी त्यांनी वेगळं पोस्टकार्ड घातलं: येणे बाकी काही नाही. ते वाचून मी हॉस्टेलच्या जिन्यात बसून रडले, कारण बाकी किती आहे हे मला माहीत होतं.

पुढं सरकारी नोकरीत मी वाईला आले. २५ जानेवारी २००५ ला मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, दुकानं पेटली. तीनशेच्या आसपास माणसं गेली. त्या रात्री गाड्यांतून जे खाली आले, त्यात नाव सांगू शकणारे थोडे होते. मी चिकटपट्टीचा रोल घेतला आणि मनगटांवर लिहीत सुटले. वेळ. हिरवा चुडा, उजव्या दंडावर गोंदण. निळी विजार, खिशात एसटीचं तिकीट. एका नव्या मुलीनं विचारलं, "सिस्टर, मेलेल्यांचं लिहून काय उपयोग?" मी तिला दुसरा रोल दिला. पहाटेपासून नातेवाईक यायला लागले तेव्हा त्या पट्ट्या वाचून दाखवायच्या होत्या. त्या प्रकरणी न्यायमूर्ती कोचर यांचा आयोग नेमला गेला. मी रजिस्टरमधली पानं स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून ठेवली.

आबा तेव्हा नव्हते. फेब्रुवारी २००० मध्ये कारगिलच्या चौकशीचा, के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला, ती बातमी मी त्यांना वाचून दाखवली होती. मोतीबिंदूनं त्यांना वाचता येत नव्हतं. काही भाग गाळला आहे, हेही वाचलं. ते म्हणाले, "गाळलाय हे सांगितलं ना? बरं झालं. आमचं गाळलंय हेसुद्धा सांगितलं न्हाई." त्याच पावसाळ्यात ते गेले. शेवटच्या रात्री त्यांना उत्तर देण्याइतकी शुद्ध नव्हती. मी मात्र दर वेळी त्यांचं कण्हणं ऐकलं की मोठ्यानं म्हणत होते, "आले, आबा."

हेंडरसन ब्रूक्स अहवाल पत्रकार कुलदीप नय्यर यांनी माहितीच्या अधिकारात मागितला, तो नाकारला गेला. मार्च २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या परदेशी पत्रकारानं त्याचा बराच भाग इंटरनेटवर टाकला. आपल्या पोरांचा हिशेब आपल्याला परक्याकडून वाचावा लागला, हे मला फार लागलं. त्या मे महिन्यात मी आबांची वही काढली, १९६३ चं पत्र जसंच्या तसं उतरवलं, खाली माझी सही केली, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आणि माहितीच्या अधिकारात अर्ज पाठवला.

उत्तर दोन ओळींचं आलं: मागितलेली माहिती उपलब्ध नाही. ते मी फाइलला लावलं. पण त्याच्या आधी, बाराव्या दिवशी, एक छोटा कागद आला होता. गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख, कुणाची तरी घाईतली सही. तो मी आबांच्या वहीत, तिसऱ्या रकान्यात, डिंकानं चिकटवला.