वाळवंटात जीपने जाताना : आधी पाण्याचा हिशेब



पंढरपूर, तुळजापूर आपण करतोच. चार पैसे गाठीला असले तर काशी-रामेश्वरही होते. पण आमच्या तालुक्यातले अण्णा एके दिवशी म्हणाले, "साहेब, आपल्या जीपने राजस्थानच्या वाळवंटात जाऊ या. वाळूत गाडी घालू, वाळूतच मुक्काम करू." ऐकून मला प्रथम हसू आले. मग वाटले, आपल्याकडे पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तर आपण कपाळाला हात लावतो. जैसलमेरकडे वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी पाऊस पडतो. तिथे माणसे आणि जनावरे कशी तगतात, हे एकदा डोळ्यांनी पाहावे. २०१९ च्या जानेवारीत रजा टाकून आम्ही निघालो. अण्णा, वहिनी, साठी ओलांडलेले तात्या, आमच्या घरची मंडळी आणि मी, असे पाचजण होतो.

आपल्यापैकी कुणाच्या मनात असा बेत असेल, तर आमचे काय बरोबर निघाले आणि कुठे चुकले, ते सांगतो. चुकले तेच जास्त उपयोगाचे आहे.

पहिली गोष्ट हंगामाची. वाळवंटात जायचे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी या दिवसांतच. मे-जूनमध्ये तिथला पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन वाळूत जाणे म्हणजे जीव धोक्यात घालणे. जानेवारी आपल्यालाही सोयीचा. खरीप घरात आलेले असते, हरभरा घाट्यांवर असतो, ज्वारी पोटऱ्यातून बाहेर पडलेली असते. मात्र मागे धार कोण काढणार, पाण्याची पाळी कोण देणार, हे आधी ठरवावे. अण्णांनी धाकट्या भावाला वहीत सगळे लिहून दिले होते, म्हणून निर्धास्त राहता आले.

दुसरी गोष्ट रस्त्याची आणि परवानगीची. आम्ही अहमदाबाद, पालनपूर, पालीमार्गे जोधपूर गाठले. जोधपूरला एक दिवस जरूर काढावा. तिथे १९५९ पासून केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था आहे. लोक तिला 'काजरी' म्हणतात. बोर, बाजरी, चारा, वाळू थोपवणारी झाडे या सगळ्यांवर तिथे काम होते. उमराण बोराच्या बागा आपल्याकडे पुष्कळांच्या आहेत. त्यांना तिथे बोलायला विषय मिळेल. पुढे पोखरणवरून जैसलमेर सुमारे पावणेतीनशे किलोमीटर.

जैसलमेर जिल्हा ३८ हजार चौरस किलोमीटरहून मोठा आणि पश्चिमेला थेट पाकिस्तानची सरहद्द. सरहद्दीकडे जायचे असेल तर कुठवर जाता येते आणि कोणता परवाना लागतो, हे जैसलमेरलाच सरकारी कचेरीत विचारून घ्यावे. शिवाय याच भागात ३१६२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय मरुउद्यान आहे. आपल्या सोलापूर-अहिल्यानगरच्या माळांवर आता नावापुरता उरलेला माळढोक तिथे अजून आहे. तो जमिनीवरच अंडी घालतो, एका वेळी बहुधा एकच. त्या हद्दीत हौसेपायी जीप घालणे हे कायद्यालाही धरून नाही आणि माणुसकीलाही. आम्ही जैसलमेरला एक वाटाड्या घेतला आणि उद्यानाबाहेर, त्याच्या गावच्या शिवारात मुक्काम ठरवला. अशा रीतीने आम्ही सहाजण झालो.

तिसरी गोष्ट गाडीची. वाळूत चारही चाकांना ओढ असलेलीच गाडी चालते, आणि एकापेक्षा दोन गाड्या बऱ्या. एक रुतली तर दुसरी ओढते. आमची एकच होती. बरोबर फावडे, चार-चार फुटांच्या दोन फळ्या, जाड दोर, पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप असावा. वाळूत शिरण्याआधी चाकांतली हवा कमी करायची असते. तीस पौंड असेल तर अठराच्या आसपास आणायची. त्यामुळे चाक पसरते, गाडीचा भार जास्त जागेवर पडतो आणि ते रुतत नाही. उंटाचा पाय पाहा, गादीसारखा पसरट असतो, तोच हा प्रकार. पक्क्या रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. वाळूत एकदम ब्रेक दाबू नये, गाडी आपोआप थांबू द्यावी, आणि ती उताराकडे तोंड करून उभी करावी. चाके जागेवर फिरू लागली की रेस देणे ताबडतोब बंद करावे. जितकी रेस द्याल तितका खड्डा खोल होतो. वाळूत डिझेल नेहमीच्या दीडपटीने तरी जाते, म्हणून टाकी भरूनच शिरावे.

आता आमची चूक. दोन दिवसांचा बेत, सहा माणसे, माणशी रोज पाच लिटर. म्हणजे साठ लिटर पाणी. वीस लिटरचे तीन कॅन भरले. हिशेब कागदावर अगदी बरोबर होता. निघताना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, प्यायचं पाणी वेगळं बांधा, अन् त्याला कुणी हात लावू नका." मी म्हटले, "वहिनी, पाण्याचा ताळेबंद मी गावोगाव शिकवतो, तुम्ही काळजी करू नका." आणि गाद्यांना जागा होईना म्हणून हवेचा पंप लॉजवरच ठेवून दिला.

पहिला दिवस सुखाचा गेला. वाळूच्या टेकडीला तिकडे धोरा म्हणतात. धोऱ्यांमधल्या मोकळ्या जमिनीवर बाजरी, मटकी आणि गवारीची धसकटे दिसत होती. पावसाच्या भरवशावर घेतलेले ते एकच पीक. मधूनमधून खेजडीची झाडे. खेजडी म्हणजे आपली शमी, जिची आपण दसऱ्याला पूजा करतो. तिचा पाला शेळ्या-उंटांना आणि कोवळ्या शेंगांची भाजी माणसांना. झाड शेतात असले तरी तिथला शेतकरी ते तोडत नाही.

मुक्काम आम्ही धोऱ्याच्या आडोशाला, वारा लागणार नाही असा केला. माथ्यावर तंबू ठोकू नये, आणि पाण्याच्या वाहत्या वाटेतही ठोकू नये. दिवसा ऊन असले तरी पहाटे पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो. घोंगडी आणि कानटोपी हवीच. फुरसे आणि विंचू तिकडेही आहेत. थंडीत साप कमी फिरतात, तरी सकाळी जोडा झटकल्याशिवाय पाय घालू नये. सरपणासाठी तिथले झाड तोडू नये, स्टोव्ह बरोबर न्यावा.

रात्री आभाळ इतके स्वच्छ होते, की तात्यांनी लहानपणी ऐकलेली सगळी नक्षत्रे ओळीने दाखवली. आम्ही पोटभर जेवलो, आणि घरच्या सवयीने हात धुतले, पाय धुतले, भांडी खळखळून विसळली. एक कॅन तिथेच संपला.

सकाळी दुसरा कॅन उचलला तर हलका लागला. गाडीच्या हादऱ्यांनी बूच सैल होऊन निम्म्याहून अधिक पाणी गळून गेले होते. चहा आणि तोंड धुण्यात उरलेले गेले. तिसरा कॅन होता, म्हणून आम्ही पुढे निघालो. वाटाड्या म्हणाला, हवा सोडा. पंप नाही, सोडली तर भरायची कशी, या विचाराने अण्णांनी ऐकले नाही. तासाभरात जीप एका चढावर फसली आणि अण्णांनी रेस दिली. मागची चाके निम्मी वाळूत.

आम्ही तीन तास खोदत होतो. फावडेभर वाळू काढावी तर दोन फावडी खाली घसरत होती. घामाने तहान वाढली आणि तिसरा कॅन तळाला गेला. तात्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. ते खोदता खोदता एकदम खाली बसले. डोळ्यांपुढे अंधारी आली होती. वहिनींनी त्यांना गाडीच्या सावलीत निजवले, पदराने वारा घातला आणि कॅनमधले शेवटचे पेलाभर पाणी घोट घोट पाजले. माझ्याकडे पाहून त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे वाटले असते.

शेवटी चारही चाकांची हवा सोडली, खाली फळ्या सरकवल्या, आम्ही मागून रेटा दिला आणि गाडी निघाली. हे तीन तास आधीच केले असते तर काहीच घडले नसते. वाटाड्याने गाडी हळूहळू जवळच्या ढाणीवर नेली. ढाणी म्हणजे शेतातली वस्ती.

तिथे एक म्हातारी होती. तिने तात्यांकडे पाहिले, वाटाड्याला दोन शब्द विचारले आणि कनवटीची किल्ली काढली. अंगणाच्या कडेला जमिनीत बांधलेला टांका होता, त्याच्या झाकणाला कुलूप होते. टांका म्हणजे पावसाचे पाणी साठवायचे भूमिगत टाके. भोवतालची जमीन टाक्याकडे उतार देऊन चोपून घट्ट केलेली असते, तिला आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी ती झाडून काढतात. तिच्यावर जनावर जाऊ देत नाहीत, जोडाही नाही. मी जोड्यांसकट पाऊल टाकणार तोच वाटाड्याने मला मागे ओढले.

तिने माणसे मोजली आणि तेवढेच तांबे पाणी काढले. तात्यांना एक जास्त दिला. सांडले एक थेंबही नाही. मग झाकण लावून कुलूप घातले. पैसे पुढे केले तर तिला राग आला.

बंधूंनो, काजरीने सहा माणसांच्या कुटुंबासाठी सुधारित टांका बसवला आहे, तो २१ हजार लिटरचा. त्यावर वर्षभराचे पिण्याचे भागवायचे. भागाकार करून पाहा. माणशी रोज साडेनऊ लिटर पडते. आपले तीस मीटर लांब-रुंद आणि तीन मीटर खोल शेततळे भरले तर त्यात याच्या शंभरपट पाणी असते, आणि तरी आपण पुरत नाही म्हणतो. आज इंदिरा गांधी कालव्याचे पाणी जैसलमेर जिल्ह्यात पोहोचले आहे, पुष्कळ गावांना नळ आहेत. पण आडबाजूच्या ढाणीला अजूनही टांक्याचाच आधार. आम्ही सहाजण जे पाणी प्यालो, ते त्या घराच्या उन्हाळ्यातून वजा झाले होते. आदल्या रात्री आम्ही पाय धुण्यात त्याच्या कितीतरी पट वाळूत ओतले होते.

सडकेला लागल्यावर पहिल्या दुकानात हवा भरली. जैसलमेरला तात्यांना डॉक्टरांना दाखवले, ते ठीक होते. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तिन्ही कॅन भरून वाटाड्याबरोबर ढाणीवर पाठवले. पाण्याचे उसने पाण्यानेच फेडावे, असे ते म्हणाले. तेवढे म्हातारीने ठेवून घेतले.

परतताना खडीन पाहिले. खडकाळ उतारावरचे पाणी जिथे खोलगट जमिनीत येते, तिथे खालच्या बाजूला लांब मातीचा बांध घालतात. पावसाळ्यात पाणी साठते आणि जमिनीत मुरते. ते ओसरले की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरतात. वरून पाणी देत नाहीत. पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी ही पद्धत तिथे रुजवली. दोनशे मिलिमीटरच्या मुलखात उभा गहू पाहून अण्णा बांधावर बराच वेळ बसून राहिले. त्यांच्या शेताच्या खालच्या तुकड्यात पाणी थांबत नाही म्हणून ते दरवर्षी कुरकुरत. त्या उन्हाळ्यात त्यांनी तिथला बांध उंच करून घेतला.

तेव्हा आपण जाणार असाल तर एवढे करा. पाणी माणशी रोज पाच लिटर पिण्या-स्वयंपाकाला धरा, आणि एक दिवस अडकलो असे समजून तेवढे जास्त घ्या. पिण्याचा कॅन वेगळा बांधा, त्याची किल्ली घरातल्या बाईकडे द्या. बुचे रोज तपासा. भांडी वाळूने घासा, तिकडे तसेच करतात. गादी राहिली तरी चालेल, पंप राहू नये. कुठे जाणार आणि केव्हा परतणार, हे मागे कुणाला तरी सांगून जा. गाडी अडकली तर ती सोडून भटकू नका, सावलीत थांबा. आणि कुणाच्या ढाणीवर गेलात तर आगोराबाहेर जोडे काढा.

पाण्याचा ताळेबंद मी आजही गावोगाव शिकवतो. आता सुरुवात म्हातारीच्या किल्लीपासून करतो, आणि वहिनी सभेला असल्या तर माझी चूकही सांगतो. त्या हसतात, पण मान डोलावतात.