दोन डब्यांतल्या गोळ्या

गेल्या हिवाळ्यात नातवंडांना घेऊन सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात गेलो होतो. चिंकारे दिसले, पोरे हरखली. "आजोबा, तुम्ही लहानपणी पाहिले होते का हो?" धाकटीने विचारले. पाहिले होते, एवढेच सांगितले. उरलेले येथे लिहितो.

साल १९६५. अभयारण्य व्हायला अजून ३२ वर्षे होती आणि वन्यजीव संरक्षण कायदा यायला सात. माझे मामा सुप्याला राहत. शेती बेताची, पण रायफलीचा थाट संस्थानिकाचा! फळीवर गोळ्यांचे दोन डबे असत. एकातल्या गोळ्यांना शेंड्यापर्यंत तांब्याचे कवच. दुसऱ्यातल्यांचा शेंडा उघडा, आतले शिसे दिसणारा. ही मऊ शेंड्याची गोळी अंगात शिरली की अळंबीसारखी फुलते, आपला जोर आतच खर्च करते. नेम नीट असला तर जनावर जागीच कोसळते. कवचाची गोळी फुलत नाही. गव्याच्या जाड हाडांतून वाट काढायला ती बरी. २०-२२ किलोंच्या चिंकाऱ्यातून मात्र ती बारीक भोक पाडून आरपार निघून जाते. (गंमत पाहा, फुलणारी गोळी लढाईत माणसावर झाडू नये असे १८९९ साली हेगच्या परिषदेत ठरले. माणसाच्या बाबतीत जी क्रूर, तीच हरणाच्या बाबतीत दयाळू!)

हे शास्त्र मला पुढे कळले. तेव्हा मी ११ वर्षांचा. आदल्या रात्री मामा म्हणाले, "भाचेबुवा, पाच गोळ्या काढून ठेवा. उघड्या शेंड्याच्या हं." कंदिलाच्या उजेडात त्या मला मळकट, झिजलेल्या दिसल्या. मामांना चांगल्या द्याव्यात म्हणून मी चकचकीत निवडल्या.

पहाटेच्या अंधारात मामांनी त्या तशाच भरल्या. उजाडता उजाडता माळावर चिंकारा उभा राहिला. बार झाला. जनावर नुसते दचकले आणि धावत सुटले.

"हुकला!" मी म्हणालो.

मामा गवतापाशी वाकले. रक्ताचे दोन थेंब होते. दिवसभर त्या थेंबांमागे आम्ही हिंडलो. दुपार टळल्यावर ओढ्यातल्या खडकावर माग संपला. भाकरीचे फडके मामांनी सोडलेसुद्धा नाही.

रात्री त्यांनी रायफल रिकामी केली. उरलेल्या चार गोळ्या सतरंजीवर मांडल्या, कंदील जवळ ओढला. मी पांघरुणाच्या फटीतून पाहत होतो. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिले, गोळ्या डब्यात ठेवल्या आणि कंदील मालवला. रागावले असते तर बरे झाले असते.

दुसरा दिवस शोधातच गेला. तिसऱ्या दिवशी ओढ्यापलीकडे गिधाडे घिरट्या घालताना दिसली. मी तिकडे बोट केले. मामांनी माझा हात हलकेच खाली घेतला.

"चल," ते म्हणाले, "मामी जेवायची थांबली असेल."